छप्पर नवे, पण मलबा कोणाच्या खात्यावर?

पावसाळा तोंडावर आला की आपल्या वस्तीत छपरांची कामे निघतात. लोकमान्य नगर असो, रामबाग असो की राजेंद्र नगर, दर दोन-चार गल्ल्यांमागे एका घरावर ठोकाठोक चाललेली दिसते. कुठे जुना कोबा फोडून नवा घालतात, कुठे कवेलू उतरवून रंगीत पत्रे चढवतात, तर कुठे पूर्ण स्लॅबच पाडून नवी टाकतात. यामागे घरांचे वय हे मोठे कारण आहे. दुसरे कारण असे, की कौले फेरणारा माणूस आता शोधूनही मिळत नाही. तिसरे कारण अलीकडचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. सोलरच्या पाट्या पंचवीस वर्षांसाठी बसवायच्या तर खालची गच्ची आधी धड करून घ्यावी, असा विचार लोक करतात, आणि तो बरोबरच आहे.

नव्या छपराबद्दल आपण पुष्कळ चौकशी करतो. सिमेंट कोणते, पत्रा किती जाडीचा, वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची, सगळे विचारतो. जुन्या छपराचे काय होणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. 'मलबा ठेकेदार उचलेल' एवढ्यावर तो विषय संपतो. आमचे आयुष्य बँकेत गेले. ज्या नोंदीपुढे रक्कम लिहिलेली नसते, ती नोंद आधी तपासावी, ही सवय तिथे लागली. म्हणून या लेखात मलब्याच्या त्या एका ओळीचा हिशेब मांडतो आहोत. यंदा १ एप्रिल २०२६ पासून बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे नवे नियम देशभर लागू झाले असल्यामुळे हा हिशेब आता लांबणीवर टाकण्यासारखा राहिलेला नाही.

एका छपरातून किती मलबा निघतो?

आधी आकडे पाहू. आपल्याकडच्या नेहमीच्या घराची गच्ची १,००० चौरस फुटांची धरू. तिच्यावरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा सरासरी पाच इंच जाड असेल तर त्याचे घनफळ सुमारे ४१७ घनफूट, म्हणजे चार ब्रासपेक्षा थोडे जास्त होते. त्याचे वजन २० टनांच्या आसपास भरते. फोडल्यावर माल फुगतो आणि साधारण दीडपट जागा व्यापतो, म्हणजे सहा ब्रासच्या घरात जातो. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत ब्रासभर माल बसतो असे धरले तर सहा-सात फेऱ्या झाल्या. कोब्याखालची पाच इंची स्लॅबही पाडायची असेल तर तिचे आणखी २८-२९ टन धरा. म्हणजे एका मध्यमवर्गीय घराच्या माथ्यावरून पन्नास टनांच्या जवळपास ओझे खाली येते.

कौलारू घराचे गणित वेगळे आहे. मंगळुरी कौले शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे लागतात आणि एकेका कौलाचे वजन दोन ते तीन किलो असते. हजार चौरस फुटाच्या छपरावर तीन ते साडेचार टन कौले झाली. सिमेंटचे, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर तेवढ्याच क्षेत्रावर दीड टनाच्या आसपास भार निघतो. वजन कमी असले तरी त्यातला धोका सर्वांत मोठा आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

हे आकडे मुद्दाम दिले. 'दोन ट्रॉल्यांत होऊन जाईल' असे कोणी सांगितले तर त्याचे बोलणे पडताळून पाहण्याचे साधन प्रत्येकाच्या हाती असावे. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार आपण सगळे शाळेत शिकलो आहोत.

नियम काय सांगतात?

मलब्यासाठी स्वतंत्र नियम पहिल्यांदा २९ मार्च २०१६ रोजी आले. त्याआधी मलबा घनकचऱ्याच्या नियमांत एका कोपऱ्यात पडून होता. २०१६ च्या नियमांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली गोष्ट, मलबा ज्याच्या कामातून निघतो त्यानेच तो गोळा करावा, वेगवेगळा करावा आणि नीट साठवावा. तो आपल्या आवारात ठेवावा किंवा महापालिकेच्या संकलन केंद्रावर वा मान्यताप्राप्त प्रक्रिया केंद्रावर द्यावा, आणि रस्ता, रहदारी किंवा गटार अडेल असा टाकू नये. दुसरी गोष्ट, महापालिकेने मलब्यासाठी योग्य ती कंटेनर ठेवावीत, ती वेळोवेळी उचलावीत आणि या सेवेचे शुल्क ठरवावे. दिवसाला २० टनांपेक्षा जास्त किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त मलबा काढणाऱ्यांवर आणखी कडक बंधने होती. त्यांनी काँक्रीट, माती, विटा-मसाला, आणि पोलाद-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग वेगळे करायचे आणि काम सुरू करण्याआधी मलब्याची योजना मंजूर करून घ्यायची.

या नियमांत मलबा निर्माण करणाऱ्याची व्याख्या केवळ बिल्डरपुरती नव्हती. त्यात व्यक्ती होती, व्यक्तींचा समूह होता, संस्था होती आणि निवासी जागाही होत्या. म्हणजे निवृत्तिवेतनावर जगणारे घरमालक तिच्यात येतात आणि आपल्यासारखे मंडळही येते.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने नवे नियम अधिसूचित केले आणि अंमलबजावणीसाठी वर्षभराची मुदत दिली. ती मुदत आता संपली. नव्या नियमांचा मुख्य भर मोठ्या प्रकल्पांवर आहे. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्र असलेल्या प्रकल्पांवर विस्तारित उत्पादक जबाबदारी आली आहे. त्यांनी नोंदणी करायची आणि ठरलेल्या प्रमाणात मलब्यावर पुनर्प्रक्रिया झाल्याचा हिशेब द्यायचा. आपल्या घरांना ही नोंदणी लागणार नाही. पण नोंदणी नाही म्हणून जबाबदारीही नाही, असा अर्थ कोणी काढू नये. पर्यावरण संरक्षण कायद्यातील शिक्षेची तरतूदही १ एप्रिल २०२४ पासून बदलली आहे. तुरुंगवासाऐवजी आता किमान दहा हजार आणि कमाल पंधरा लाख रुपयांचा दंड आहे. एका घराच्या मलब्यासाठी कोणी लाखांचा दंड लावील असे नाही. पण बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे आकस्मिक देणे आहे. ते ताळेबंदाच्या आत दिसत नाही, तळटीपेत असते, आणि तळटीप वाचायची नसते असा आपला समज असतो.

ठेकेदाराने काम घेतले म्हणजे जबाबदारी त्याची, असा युक्तिवाद करता येईल. परंतु बांधकाम परवानगी मालकाच्या नावाने असते, मालमत्ता कराचे खाते मालकाचे असते आणि नाल्याच्या काठी सापडलेल्या ढिगात तुमच्या न्हाणीघराच्या फरशीचे तुकडे असले तर तपास करणारा तुमच्याच दारात येतो. ठेकेदार तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

मुलांच्या गावी काय करतात?

आपल्यातल्या अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तिथे छप्पर बदलताना घरासमोर एक मोठी लोखंडी पेटी येऊन उभी राहिलेली पुष्कळांनी पाहिली असेल. तिला डंपस्टर म्हणतात. ती भाड्याने मिळते. दहा, वीस, तीस घनयार्ड अशी तिची मापे असतात. आपल्या मापात सांगायचे तर दहा यार्डांची पेटी म्हणजे पावणेतीन ब्रासची आणि वीस यार्डांची म्हणजे जवळपास साडेपाच ब्रासची. भाडे ठरवताना साधारणपणे चार गोष्टी लिहिलेल्या असतात: पेटी किती दिवस राहील, किती टनांपर्यंतचे वजन भाड्यात धरले आहे, त्यापुढे दर टनाला किती पैसे पडतील, आणि पेटीत काय टाकायचे नाही. न टाकण्याच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. पेटी काठाच्या वर भरता येत नाही. ती सार्वजनिक रस्त्यावर ठेवायची असेल तर बहुतेक गावांत आधी परवाना काढावा लागतो.

हे ऐकून 'आपल्याकडेही तसेच डंपस्टर हवेत' असे काही सभासद म्हणतात. आम्हाला ते पुरते पटत नाही, आणि त्याचे कारण वजनात आहे. तिथल्या बहुतेक घरांवर डांबरी शिंगल्स असतात. शंभर चौरस फुटांच्या एका थराचे वजन शंभर ते दीडशे किलो भरते. म्हणजे दोन हजार चौरस फुटांच्या छपरातून दोन-तीन टन माल निघतो. आपल्या त्याच्या निम्म्या आकाराच्या गच्चीवरचा नुसता कोबा वीस टनांचा असतो. शिवाय रामबागेतल्या गल्लीत बावीस फूट लांबीची पेटी ठेवली तर स्कूटरसुद्धा जाणार नाही. त्यामुळे तिथली पेटी इथे आणून उपयोग नाही. त्या भाड्याच्या कागदावरच्या चार ओळी मात्र जरूर आणाव्यात. मुदत, वजन, दर आणि मनाई आधीच लिहिलेली असली की मलबा कोणाच्या खात्यावर आहे, हा प्रश्न उरत नाही.

तिथेही सगळे आलबेल नाही, हे सांगायला हवे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या आकडेवारीनुसार २०१८ साली तिथे बांधकाम आणि पाडकामाचा ६० कोटी टन कचरा निघाला. घराघरांतून निघणाऱ्या नेहमीच्या कचऱ्याच्या दुपटीहून तो अधिक होता. फरक एवढाच, की तो मोजलेला आहे. आपल्या देशात वर्षाला १५ कोटी टन मलबा निघतो, असा अंदाज वर्षानुवर्षे सांगितला जातो. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२० मध्ये दाखवून दिले, की त्यातला जेमतेम एक टक्का पुनर्प्रक्रियेपर्यंत पोहोचतो. उरलेला कुठे जातो, ते शहराबाहेरच्या कोणत्याही तळ्याकाठी फिरायला गेले की कळते.

इंदूरची सोय आणि मधली गळती

आपले शहर या बाबतीत कोऱ्या पाटीवर नाही. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात इंदूरने पहिला क्रमांक सोडलेला नाही. देवगुराडियाच्या आवारात मलब्यावर प्रक्रिया करणारे रोज १०० टन क्षमतेचे केंद्र आहे. तिथे मलबा चुरून त्यापासून फरसबंदीचे ठोकळे वगैरे तयार होतात. हैदराबादला जीडीमेटला येथे नोव्हेंबर २०२० मध्ये रोज ५०० टनांचे केंद्र सुरू झाले. तिथल्या मराठी बांधवांना त्याची माहिती असेलच.

अडचण केंद्राची नाही, ती घर आणि केंद्र यांच्या मधल्या अंतराची आहे. ट्रॉलीवाल्याचे गणित साधे असते. ठेकेदाराकडून त्याला फेरीमागे ठरलेले पैसे मिळतात. देवगुराडियापर्यंत जायचे तर डिझेल, वेळ आणि शुल्क तिन्ही खर्च होतात. अंधार पडल्यावर जवळच्या नाल्याकाठी किंवा रिकाम्या प्लॉटवर ट्रॉली उलटी केली तर तिन्ही वाचतात. ठेकेदाराने एकरकमी ठरवले असेल तर वाचलेले पैसे त्याच्या खिशात जातात, आणि तुम्ही कमी दराचे अंदाजपत्रक निवडले असेल तर त्यातला काही भाग तुमच्याही खिशात आलेला असतो. स्वस्त अंदाजपत्रक का स्वस्त आहे, याचे उत्तर बऱ्याचदा याच एका ओळीत सापडते. यात ट्रॉलीवाल्याला वाईट ठरवून काही साधणार नाही. जिथे पावती मागणारा कोणी नाही, तिथे खर्च वाचवण्याकडे कोणाचाही कल जाणारच.

हा वाचवलेला खर्च शेवटी कुठेतरी निघतोच. नाल्यात पडलेला मलबा पाण्याची वाट अडवतो आणि ऑगस्टमधल्या एखाद्या रात्री ते पाणी खालच्या वस्तीतल्या घरांत शिरते. कान्ह आणि सरस्वतीच्या काठावरून गाळ आणि भराव काढायला महापालिका जो पैसा खर्च करते, तोही आपल्याच कराचा. कान्हचे पाणी पुढे क्षिप्रेला मिळते. २०२८ च्या सिंहस्थासाठी ते बाजूला वळवण्याचे मोठे काम सरकारने हाती घेतले आहे. एकीकडे नदी वाचवण्यासाठी कोट्यवधींची कामे आणि दुसरीकडे तिच्याच नाल्यांत रात्रीची ट्रॉली, असा हा व्यवहार आहे.

शिवाय हवा आहे. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, उज्जैन, वडोदरा, हैदराबाद ही आपल्या लोकांची बहुतेक मोठी शहरे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत आहेत. उघड्यावर पडलेल्या मलब्याची धूळ हा त्या हवेचा एक भाग आहे. घराघरांतल्या ज्येष्ठांचा दमा आणि नातवंडांचा खोकला कशामुळे, हे दर वेळी सांगता येणार नाही. पण धुळीने दोन्ही वाढतात, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

पहिल्या क्रमांकाचा अभिमान आम्हालाही आहे. पण डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात दूषित पाण्याने माणसे दगावली, तेव्हा एक गोष्ट कळली. शहराचा क्रमांक वरच्या थराकडे पाहून ठरतो, आणि जे नजरेआड असते त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. मलबाही तसाच नजरेआड जाणारा आहे.

सिमेंटचे पत्रे: सर्वांत नाजूक बाब

आपल्या बोलीत ज्यांना आपण सिमेंटची चद्दर म्हणतो, त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा शाबूत असतो तोवर तंतू सिमेंटमध्ये अडकलेले राहतात. पत्रा फुटला, कापला, घासला की ते हवेत मिसळतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात. अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. त्यातून होणारे आजार वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी डोके वर काढतात. त्यामुळे आज आपल्या छपरावर पत्रा फोडणाऱ्या मजुराला पुढे काय झाले, हे आपल्याला कधीच कळत नाही. युरोपीय संघाने २००५ मध्ये यावर बंदी आणली. आपल्या देशात खाणकाम थांबले आहे, पण आयात आणि पत्र्यांचे उत्पादन चालू आहे. २०११ च्या जनगणनेत धातूचे आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे एकाच रकान्यात मोजले होते. म्हणजे किती घरांवर यातला कोणता पत्रा आहे, हे त्या गणतीवरून सांगता येत नाही.

जानेवारी २०२५ आठवा. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरमधून पीथमपूरला आणला गेला, तेव्हा पीथमपूर आणि इंदूर दोन्हीकडे केवढा रोष उसळला. हा कचरा आमच्याजवळ का, हा प्रश्न योग्यच होता आणि तो विचारणाऱ्यांत आपले सभासदही होते. त्याच सजगतेने आपल्या मागच्या शेडवरून निघणाऱ्या दीड टन पत्र्यांकडे पाहायला हवे. ते कुटून भरावात टाकले तर तेही कोणाच्या तरी जवळच पडतात.

हे पत्रे काढताना पाळायच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. पत्रा आधी पाण्याने चांगला भिजवावा. हातोड्याने फोडू नये, बोल्ट सोडवून अखंड उतरवावा आणि दोरीने सावकाश खाली घ्यावा, वरून फेकू नये. मजुरांना नुसता रुमाल पुरत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंसाठी योग्य दर्जाचा मास्क द्यावा. उतरवलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून इतर मलब्यापासून वेगळे ठेवावेत आणि उरलेला चुरा कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. आणखी एक गोष्ट विसरू नये. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने फुटतो आणि त्यातून पडून मजूर दगावतात. पत्र्यावर थेट पाय न ठेवता आधारांवर आडव्या फळ्या टाकून चालावे, अशी अट कामाच्या कागदावरच असावी.

मलब्यातले सोने

सगळा मलबा टाकाऊ नसतो. जुन्या घरांच्या सागवानी तुळया, वासे आणि लोखंडी गर्डर यांना चांगली किंमत येते. ठेकेदार ते 'काढून नेतो' म्हणतो, तेव्हा तो आपली जमेची बाजू उचलून नेत असतो. त्याची किंमत वेगळी लिहून एकूण रकमेतून वजा करून घ्यावी. शाबूत मंगळुरी कौलांनाही मागणी असते. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरूला या कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ती मजबुतीसाठी नावाजलेली आहेत. चांगली निगा राखलेली कौले शंभरीही सहज गाठतात.

काँक्रीटचा चुराही कामाचा आहे. काँक्रीटच्या खडीविषयीच्या भारतीय मानकात २०१६ पासून पुनर्प्रक्रिया केलेल्या खडीला जागा दिली आहे. ती लोखंड नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, लोखंडी काँक्रीटमध्ये ठरावीक दर्जापर्यंत २० टक्के आणि पायाखालच्या भर काँक्रीटमध्ये पूर्ण वापरता येते. म्हणजे अंगणातल्या फरसबंदीसाठी असे ठोकळे घेणे नियमाला धरूनच आहे. आपण ते मागितले तर प्रक्रिया केंद्राचा माल खपतो आणि केंद्र चालू राहते. मलबा देऊन टाकला पण त्याचा माल कोणी घेतला नाही, तर ते केंद्र बुडीत कर्जासारखे फक्त कागदावर उरते.

मग करायचे काय?

आमच्या मते सगळा भार घरमालकावर टाकणे न्यायाचे नाही. पंच्याहत्तरीतले एकटे जोडपे ट्रॉलीच्या मागे देवगुराडियापर्यंत जाऊ शकत नाही आणि त्यांनी जावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. कंटेनर ठेवणे आणि दर जाहीर करणे हे महापालिकेचे काम आहे. ते प्रत्येक झोन कार्यालयात सहज उपलब्ध व्हावे, गल्लीत मावेल अशी लहान पेटी दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने मिळावी आणि सिमेंटच्या पत्र्यांसाठी स्वतंत्र सोय असावी, ही मागणी मंडळाने लेखी करावी. एकेका घराने विचारले तर उत्तर मिळायला वेळ लागतो. शे-दोनशे कुटुंबांच्या सहीचे पत्र गेले तर निदान त्याची नोंद तरी होते.

आपल्या हातात जे आहे ते मात्र आजच करता येईल. काम देताना कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात: मलबा अंदाजे किती ब्रास, तो कुठे नेणार, दर फेरीला किती रुपये, आणि पत्रे असतील तर ते कसे उतरवणार. मलब्याची रक्कम एकूण बिलात मिसळू नये, वेगळी लिहावी आणि केंद्राची किंवा महापालिकेची पावती हाती आल्यावरच द्यावी. कर्जाचा शेवटचा हप्ता देताना आम्ही बँकेत कामाच्या पूर्ततेचा दाखला मागत असू. त्यामुळे कोणाचा अपमान होत नसे आणि कामेही पूर्ण होत असत.

या गोष्टीची पहिली परीक्षा आपल्या घरचीच आहे. मंडळाच्या सभागृहामागच्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे बदलण्याचा विषय कार्यकारिणीपुढे आहे. आलेल्या अंदाजपत्रकांत जुन्या पत्र्यांबद्दल 'साफसफाईसह' एवढाच शब्द आहे. सर्वांत कमी रकमेचे अंदाजपत्रक मंजूर करावे, असा काही सभासदांचा आग्रह आहे आणि वर्गणीचा पैसा जपून वापरावा ही त्यांची भावना रास्त आहे. आमची सूचना एवढीच, की तिन्ही ठेकेदारांकडून वरच्या चार ओळी लिहून मागवाव्यात आणि मगच रकमांची तुलना करावी. तसे केल्यावर स्वस्त आणि महाग यांतले अंतर पुष्कळ कमी झालेले दिसेल, असा आमचा अंदाज आहे. त्याच शेडमध्ये रविवारी बालवर्ग भरतो. पत्रे काढण्याचे काम चालू असेल ते दिवस आणि नंतर जागा ओल्या फडक्याने पुरती पुसून होईपर्यंत वर्ग दुसरीकडे भरवावा, हेही त्याच ठरावात यावे.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय येईल तेव्हा सभासदांनी आपापल्या घरांच्या कामाचे अनुभव, ट्रॉलीचे दर आणि मिळालेल्या पावत्या सोबत आणाव्यात. दहा घरांचे आकडे एकत्र आले तर अकराव्या घराला ठेकेदाराशी बोलणे सोपे जाईल, आणि महापालिकेला द्यायच्या पत्रालाही वजन येईल.